गोव्यात शांत जागा शोधताय? आधी शेजारचा सर्व्हे नंबर बघा

गोव्यात जागा दाखवायला नेणारा दलाल गाडी नेमकी अशा वळणावर थांबवतो, की समोर भातशेत, पलीकडे माडांची रांग आणि मागे काजूचा डोंगर दिसावा. हे सगळं दुसऱ्यांच्या मालकीचं असतं. तुमच्या वाट्याला येणार असतात मधले पाचशे-हजार चौरस मीटर. म्हणून ज्याला निवांत राहायचंय त्याने आपल्या तुकड्याआधी चारी बाजूंचे तुकडे तपासावेत. तिथे उद्या काय उभं राहू शकतं आणि काय उभं राहूच शकत नाही, यावर तुमची शांतता ठरते. आसगाव-शिवोलीत पूर्वी एकांत बघून घरं घेतलेल्या अनेकांच्या कुंपणाला आज व्हिला येऊन टेकलेत. त्यांच्या स्वतःच्या कागदांत खोट नव्हती, शेजारचे कागद मात्र कुणी उघडून पाहिले नव्हते.

आधी तालुका ठरवा

गोवा जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरचा, तालुके बारा. बार्देश, मुरगाव आणि सासष्टीची किनारपट्टी सरळ सोडून द्या. तिसवाडीत दिवाडी बेटावर अजून फेरीबोटीनेच जावं लागतं, आणि ती फेरीबोट कुठल्याही कायद्यापेक्षा चांगली राखण करते. पण रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचायचं असेल तर हीच फेरीबोट आडवी येते. पेडणे मोपा विमानतळाच्या आधी सुशेगाद, म्हणजे निवांत होतं. जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरू लागली, आणि विमानतळामागोमाग हॉटेलं आणि जोडरस्ते येणारच. शांततेसाठी पेडण्यात आज पैसे घालू नयेत, असं माझं मत.

उरला आतला गोवा. फोंडा तालुक्यातल्या सावईवेरे, केरी, प्रियोळ या कुळागरांच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांच्या गावांत बारमाही पाणी आहे, सावली आहे, आणि फोंडा शहर जवळ असल्याने दुकानं-दवाखाने हाताशी आहेत. अडचण एकच, कुळागर कुणी सहजासहजी विकत नाही. डिचोली, धारबांदोडा आणि सांगे हा खाणपट्टा. २०१२ पासून खाणी बंद-चालू होत राहिल्या, त्या बंद काळात जागा बघितलेल्यांना ही गावं फार शांत वाटली. पुढे लिलाव झाले आणि डिचोलीचा खाणीचा ब्लॉक २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेव्हा इथे जागा बघताना घरासमोरचा रस्ता खनिज ट्रकांचा आहे का, हे चहाच्या गाड्यावर विचारा. उत्तर दोन मिनिटांत मिळतं. सत्तरी देखणी आहे, पण तिथल्या मालकीचा गुंता पुढे सांगतो. मला स्वतःला विचाराल तर केप्यातली बार्से-मोर्पिर्लाची बाजू आणि काणकोणातली गावडोंगरी, लोलये ही गावं आधी बघावीत.

आराखडा काढा, आपला आणि शेजाऱ्यांचाही

गावाचा प्रादेशिक आराखडा २०२१ चा नकाशा मिळवा आणि नगरनियोजन खात्याकडून त्या सर्व्हे नंबरचा झोनिंग दाखला घ्या. घर बांधायचं तर जमीन सेटलमेंट म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये हवी. शिवाय १९६८ च्या जमीन महसूल संहितेखालची रूपांतराची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याची परवानगी हवी. ‘आज ऑर्चर्डमध्ये (बागायतीच्या झोनमध्ये) आहे, पण होऊन जाईल’ हे वाक्य ऐकलंत की चहा संपवून उठा. शेतघराची वाट वेगळी आहे. तिला किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र लागतं, आणि ती खरोखर शेती-बागायत करणाऱ्यासाठी आहे.

मग त्याच नकाशावर आपल्या तुकड्याभोवतीचे सगळे सर्व्हे नंबर रंगवा. शेजार सेटलमेंटचा असेल तर तिथे आज गवत असलं तरी उद्या इमारत येणार, हे धरून चाला. ऑर्चर्डचा शेजार सुरक्षित वाटतो, पण नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९अ ही कलमं आली. त्यांच्या आधारे एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलण्याचे अर्ज होऊ लागले, आणि गावोगावच्या लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने १७(२) खालचे नियम रद्द केले, पण नकाशाचा रंग कायमचा नसतो हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. शेजारच्या नंबरांवर झोनबदलाचा अर्ज पडलाय का, हे नगरनियोजन खात्यात जाऊन जरूर विचारा.

मग भरवशाचा शेजार कुठला? साळावली, अंजुणे किंवा चापोली धरणाच्या लाभक्षेत्रातली भातशेती चांगली. २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी आहे, त्यामुळे तिच्यावर बिल्डरची नजर पडली तरी हात पोचायला वेळ लागतो. पंचवीस टक्क्यांहून जास्त उताराचा डोंगरही चांगला, कारण तिथे बांधकामाला मनाई आहे. नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमाप्रमाणे परवानगीशिवाय डोंगर कापता किंवा सखल जमीन भरता येत नाही. लोक तरीही रात्रीत डोंगर कापतात, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सरकारी वन किंवा देवस्थानची राई शेजारी असेल तर उत्तमच. अभयारण्याच्या काठाला घेतलं तर फार छान, पण म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्याच्या आत घेऊ नका. तिथे मूळ गावकऱ्यांचेच हक्क ठरायचे भिजत पडलेत, तुमचा नंबर कधी लागणार?

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा दलालही हल्ली तोंडी फेकतात. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात गोव्यातली १०८ गावं होती, आणि त्यांतली बरीच गाळावीत अशी राज्य सरकारची मागणी आहे. मसुद्याचा रोख खाणी, चिरेखाणी, मोठे प्रकल्प यांच्यावर आहे. साध्या घराला तो अडवत नाही. गाव यादीत असणं शांतता शोधणाऱ्याच्या फायद्याचं, पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

सरकारी प्रकल्प मात्र कुठलाही झोन ओलांडून येतो. आयआयटीसाठी लोलयेचा सडा (खडकाळ पठार) पाहिला गेला, मग सत्तरीतलं मेळावली. मेळावलीच्या लोकांनी जानेवारी २०२१ मध्ये रस्त्यावर उतरून तो प्रकल्प परत पाठवला. ज्या गावात मोठा सरकारी सडा मोकळा पडलाय, तिथे असा पाहुणा कधीही येऊ शकतो हे लक्षात ठेवा.

ग्रामसभेत मागच्या बाकावर बसा

जागा आवडली की पैशांची बोलणी करण्याआधी त्या गावच्या एका ग्रामसभेला जा. मत देता येणार नाही, पण परवानगी घेऊन ऐकत बसायला सहसा कुणी हरकत घेत नाही. कुठे बेकायदा चिरेखाण चालते, कुठल्या वाड्यावर मेगा प्रकल्पाला विरोध आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, सरपंच कुणाचा माणूस आहे, हे सगळं तासाभरात उघड होतं. भांडणारी ग्रामसभा बघून बिचकू नका. जिथे लोक भांडतात तिथे डोंगर टिकतात. गप्प बसलेली ग्रामसभा जास्त काळजीची.

तुम्ही बाहेरचे आहात, मग ते पुण्याचे असा की पणजीचे. शेजाऱ्याला भाऊ-काका म्हणून हाक मारा, पण पायवाट, पाणंद आणि झरीच्या पाण्यावर गावाचा जुना हक्क असतो तो मान्य करा. कागदावर नसलेली वाट कुंपण घालून बंद केलीत तर शांतता पहिल्याच आठवड्यात संपेल.

जागा तीन वेळा बघा

जुलैत, मे महिन्यात, आणि डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी रात्री.

जुलैत पाणी कुठून कुठे वाहतं ते दिसतं. जुलै २०२१ च्या पुरात म्हादईकाठची आणि वाळवंटीकाठची घरं पाण्यात गेली. नदीकाठच्या जागेवर तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारची म्हातारी हात भिंतीला लावून दाखवेल. मे महिन्यात विहिरीत डोकावा. चिऱ्याच्या सड्यावरची विहीर पावसात काठोकाठ आणि एप्रिलमध्ये कोरडी, असं बऱ्याच ठिकाणी होतं, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही टँकर मागवायची पाळी येते. कुळागराच्या बाजूची, डोंगराच्या पायथ्याची विहीर सहसा टिकते. डिसेंबरातल्या रात्री कान उघडे ठेवा. लग्नाचा हॉल, रिसॉर्ट, क्रशर, हमरस्ता, सगळं ऐकू येतं. जत्रेचा लाऊडस्पीकर मात्र तक्रारीत धरू नका, तो गावाबरोबरच येतो.

जनावरांचं एका परिच्छेदात उरकतो. माकडं नारळ पाडतील, रानडुकरं कंद उकरतील, गवे कुंपण मोडतील. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तेव्हा काजूच्या हंगामात रानात शिरताना गोचिडांपासून जपा आणि मेलेलं माकड दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवा.

कागदांना वेळ द्या

इथे घाई केली की सगळं वाया. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) काढा आणि कब्जेदाराच्या रकान्याबरोबरच कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा. कुळाचं नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा लागतो, आणि जमिनीत कुणाचं घर असेल तर १९७५ चा मुंडकार कायदा. मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणाऱ्याला तुम्ही हलवू शकत नाही, आणि हलवूही नये. उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. पोर्तुगीज काळातली नोंदणी, वाटणीचे कागद, जुने विक्रीखत असा माग काढणारा गोव्यातलाच दिवाणी वकील हवा.

गोव्याचा वारसा कायदा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलाय. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, म्हणून विक्रीखतावर दोघांची सही लागते. मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया झाली का ते बघा. जुन्या घरांचे वारस मुंबई, लिस्बन, लंडन असे विखुरलेले असतात, आणि एकाची सही राहिली की तो दहा वर्षांनी उगवतो. २०२२ मध्ये जमीन बळकाव प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं, कारण बनावट कागदांनी अशाच दूर गेलेल्या वारसांच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या.

काही जमिनींना हातच लावू नका. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामुदायिक संस्थेची) जमीन खासगी म्हणून दाखवलेली, मये गावातली कस्टोडियनची, म्हणजे देश सोडून गेलेल्या मालकांची सरकारच्या ताब्यातली जमीन, सत्तरीतल्या आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) आणि मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) जमिनी. भाव निम्मा सांगितला की कारण यांपैकीच एखादं निघतं.

कागद जमले की वर्तमानपत्रांत वकिलामार्फत हरकतीची जाहीर सूचना द्या. एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र निवडा, गावात वाचलं जातं ते. उपनिबंधकाकडून बोजा नसल्याचा दाखला घ्या. मग भूमापकाकडून हद्द मोजून घ्या आणि लगतच्या शेजाऱ्यांना त्या दिवशी बोलावून दगड त्यांच्यासमोर रोवा. तोवर विसारापेक्षा जास्त रक्कम देऊ नका. विसाराच्या करारातही सनद आणि पंचायतीचा बांधकाम परवाना न मिळाल्यास पैसे परत, हे कलम स्पष्ट लिहून घ्या. आणि जमलं तर खरेदीआधी त्याच गावात एक पावसाळा भाड्याच्या खोलीत काढा. वीज सलग तीन दिवस गेली, वाट चिखलात गेली, मोबाइलला रेंज नाही, आणि तरीही तुम्हाला तिथेच राहावंसं वाटलं, तर उरलेले पैसे भरायला हरकत नाही.