समीकरणात मीटर कुठे आहे?

डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, तासाला काय गत होते ते मी भोगलंय. वर्गातली बाकीची मंडळी एम-वन, एम-टू पचवून आलेली. सर 'हे तुम्हाला येतंच' म्हणून एक ओळ फळ्यावर टाकून पुढे जातात आणि नेमकी तीच ओळ आपल्याला येत नसते. त्या विषयात माझी केटी लागली, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागला. हातात सोल्डरिंग होतं, सर्किट जोडून द्या म्हटलं तर कुणापेक्षा कमी नव्हतो, पण 'या सर्किटचं डिफरन्शियल इक्वेशन (बदलाच्या वेगाचं समीकरण) लिहा' म्हटलं की पेन थांबायचं. यंदा त्याच बाकावर बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

केटीच्या तयारीत मी सूत्रं पाठ केली. आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सर्किट आलं की हे उत्तर, आरएल (रेझिस्टर-कॉइल) आलं की ते. आकृतीत एक रेझिस्टर जास्त आला की खेळ संपला. सुटका झाली ती लॅबमध्ये, एका फजितीतून.

मला ९ व्होल्टच्या बॅटरीने कपॅसिटर चार्ज होताना मोजायचा होता. सावकाश चार्ज व्हावा म्हणून १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला. दोन्हींचा गुणाकार १० सेकंद, हाच टाइम कॉन्स्टंट, म्हणजे कपॅसिटर किती सावकाश भरतो ते सांगणारा वेळ. सूत्र म्हणतं, १० सेकंदांत ९ च्या ६३ टक्के, म्हणजे ५.६९ व्होल्ट. साधारण पाच टाइम कॉन्स्टंट गेले की जवळजवळ पूर्ण ९. कपॅसिटरवर मीटर लावला, बॅटरी जोडली, मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू केलं. आकडा चढला, चढला आणि साडेचारच्या आसपास जाऊन बसला. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, तो ढिम्म हलेना. बॅटरी मोजली, ठीक. कपॅसिटर बदलला, तेच. तिसरा कपॅसिटर लावला, पुन्हा साडेचार. वर तो तिथे पोचला होता तेही अपेक्षेच्या दुप्पट वेगाने.

लॅब असिस्टंटना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते मागून येऊन वहीत डोकावले आणि म्हणाले, "अरे, यात मीटर कुठे आहे?"

"मीटर इथे आहे ना काका, हा काय."

"टेबलावर आहे. तुझ्या समीकरणात कुठे आहे?"

बाजारात दोनतीनशे रुपयांना मिळणारा तो पिवळा मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना स्वतः १ मेगाओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो. चांगल्या मीटरचा हा आकडा बहुधा १० मेगाओहम असतो. मी मीटर म्हणजे नुसता बघ्या धरला होता. तो तर आलेल्या प्रवाहातला वाटा घेत होता.

काकांनी मला पुन्हा लिहायला लावलं, तेही आधी शब्दांत. कपॅसिटरच्या वरच्या टोकाशी बोट ठेव आणि सांग, इथे किती येतं आणि कुठे कुठे जातं. कपॅसिटरवरचं व्होल्टेज व्ही आणि त्याची किंमत (कपॅसिटन्स) सी धर. रेझिस्टरमधून येतं: ९ वजा व्ही, भागिले १ मेगाओहम. कपॅसिटरमध्ये जातं: सी गुणिले व्ही बदलण्याचा वेग, म्हणजे डीव्ही भागिले डीटी. मीटरमध्ये जातं: व्ही भागिले १ मेगाओहम. आलेलं बरोबर गेलेलं. एवढं मांडलं की डिफरन्शियल इक्वेशन झालं. ते कुठून आणावं लागत नाही, बोट ठेवून हिशेब मांडला की आपसूक तयार होतं. या हिशेबालाच किरचॉफचा नियम म्हणतात. (जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरचॉफने हे नियम १८४५ साली मांडले तेव्हा तो विद्यार्थीच होता, वय २१. केटीवाल्यांनी याचा फार विचार करू नये.)

मग काका म्हणाले, सोडवायच्या आधी शेवट बघ. खूप वेळ गेला, सगळं स्थिरावलं, की व्ही बदलायचा थांबतो, म्हणजे डीव्ही-डीटी शून्य. उरतं काय? ९ वजा व्ही बरोबर व्ही. व्ही साडेचार! इंटिग्रेशनची एक ओळही न लिहिता ज्या आकड्याने माझी दुपार खाल्ली होती तो समोर आला. टाइम कॉन्स्टंट का निम्मा झाला तेही दिसलं. कपॅसिटरच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही मेगाओहम पॅरलल आहेत, म्हणून अर्धा मेगाओहम, म्हणून ५ सेकंद.

ही सवय परीक्षेतही जपा. समीकरण मांडल्यावर लगेच इंटिग्रेटिंग फॅक्टरच्या (ते सोडवायच्या ठरलेल्या युक्तीच्या) मागे धावू नका. आधी दोन प्रश्न विचारा: स्विच दाबला त्या क्षणी काय असेल, आणि बऱ्याच वेळाने काय असेल? कपॅसिटरचं व्होल्टेज एका क्षणात उडी मारत नाही, कॉइलमधला प्रवाह एका क्षणात उडी मारत नाही. स्विच दाबण्याआधी जे होतं तेच दाबल्यानंतरच्या पहिल्या क्षणीही असतं. तुमच्या इनिशियल कंडिशन्स याच. पेपरात त्या 'दिलेल्या' असतात म्हणून आपल्याला त्या गणिताच्या वाटतात, पण त्या येतात सर्किटमधून. साध्या पहिल्या ऑर्डरच्या (एकच कपॅसिटर किंवा एकच कॉइल असलेल्या) सर्किटला बॅटरी जोडलेली असेल तर सुरुवात, शेवट आणि टाइम कॉन्स्टंट एवढ्या तीन गोष्टींवरून पूर्ण उत्तर लिहिता येतं. मार्कांसाठी पायऱ्या दाखवाव्या लागतात, त्या दाखवा. पण उत्तर काय यायला हवं हे आधी माहीत असलं की पायरीत चुकलेलं वजा चिन्ह लगेच सापडतं.

घरी करून बघायचं तर १० किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड घ्या. टाइम कॉन्स्टंट तोच १० सेकंद, पण आता पिवळ्या मीटरच्या मेगाओहमने फरक पडतो जेमतेम एक टक्का. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं अधिक-उणं सांभाळा, उलटा लावू नका. माझ्या रीडिंगमध्ये १० सेकंदांना ५.६९ ऐवजी ५.२ आले. आता मी कपॅसिटर फेकला नाही. उलट गणित केलं, तर टाइम कॉन्स्टंट साडेअकरा सेकंदांचा निघाला, म्हणजे कपॅसिटर ११५० मायक्रोफॅरडच्या घरात. अशा कपॅसिटरच्या किमतीत २० टक्के इकडेतिकडे चालतंच.

ज्यांना इंटिग्रेशनचीच धास्ती आहे त्यांनी आधी हे वहीत करा. व्ही शून्य असताना तो वाढण्याचा वेग ९ भागिले १०, म्हणजे सेकंदाला ०.९ व्होल्ट. पहिल्या सेकंदानंतर व्ही ०.९ धरा. आता उरले ८.१, वेग ०.८१, म्हणून दुसऱ्या सेकंदाला १.७१. मग २.४३९. असं १० सेकंदांपर्यंत गेलात तर ५.८६ येतं, खरं उत्तर ५.६९. एक सेकंदाची पायरी मोठी आहे म्हणून चूक, अर्ध्या सेकंदाची घ्या, कमी होईल. याला ऑयलरची पद्धत म्हणतात. वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो, म्हणून वक्र वर जाता जाता आडवा पडतो, हे मला फळ्यावरच्या 'ई'च्या घातापेक्षा या बेरजांतून जास्त कळलं.

आरएल सर्किटवर मी फार वेळ घालवणार नाही, सगळं तसंच आहे. कपॅसिटरच्या जागी कॉइल, व्होल्टेजच्या जागी प्रवाह, टाइम कॉन्स्टंट एल (कॉइलचं इंडक्टन्स) भागिले आर (रोध). पण कॉइलची एक खोड जवळून बघा. १२ व्होल्टचा छोटा रिले (कॉइलने चालणारा स्विच), कॉइल ४०० ओहम, म्हणजे प्रवाह ३० मिलिअँपियर. तो चालवायला बीसी-५४७ ट्रान्झिस्टर लावला होता. रिले लागला, टक्क आवाज आला, सगळे खूश. बंद केला. पुन्हा चालू केला तर रिले चिकटलेलाच, ट्रान्झिस्टर शॉर्ट. कॉइलवरचं व्होल्टेज म्हणजे एल गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग. समजा एल अर्धा हेन्री आणि ३० मिलिअँपियर १० मायक्रोसेकंदांत शून्यावर आणायला गेलात, तर कागदावर दीड हजार व्होल्ट येतात. बीसी-५४७ ची मर्यादा आहे ४५. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये स्टार्टर उघडला की चोक हाच झटका देतो आणि ट्यूब पेटते. तिथे तो हवा असतो, इथे नको. कॉइलला उलटा डायोड लावला की प्रवाहाला फिरायला वाट मिळते आणि तो सव्वा मिलिसेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटने निवांत उतरतो. डायोड लावायचा हे मला डिप्लोमापासून पाठ होतं. का, ते या समीकरणाने सांगितलं.

कपॅसिटर आणि कॉइल एकत्र आले की दुसऱ्या ऑर्डरचं समीकरण, आणि इथे खरी मजा आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५३ साली नुसत्या समीकरणावरून सांगितलं की साठवलेली वीज सोडली तर ती एका दिशेने वाहून संपेलच असं नाही, रोध कमी असेल तर ती मागेपुढे झुलेल. काही वर्षांतच जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फेडरसन यांनी ठिणगी फिरत्या आरशात पाहून ते झुलणं दाखवलं. परीक्षेत ऑक्झिलरी इक्वेशनची (डिफरन्शियल इक्वेशनवरून बनणाऱ्या वर्गसमीकरणाची) मुळं कॉम्प्लेक्स आली की आपण 'कॉस, साइन' असं यंत्रासारखं लिहितो. तो झोका म्हणजेच ती मुळं.

मी १० मिलिहेन्रीची कॉइल आणि १ मायक्रोफॅरडचा साधा, बिनध्रुवाचा कपॅसिटर सीरीजमध्ये घेतला, सोबत एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), फंक्शन जनरेटरवरून १०० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह, आणि कपॅसिटरवर ऑसिलोस्कोप. पॉट शून्यावर असताना प्रत्येक कडेनंतर सुमारे दीड किलोहर्ट्झचा झोका दिसतो, विरत जाणारा. पॉट वाढवत नेला की झोके कमी होतात आणि एका ठिकाणी संपतात. गणित म्हणतं, एल भागिले सी चं वर्गमूळ १००, त्याची दुप्पट २००, म्हणून २०० ओहमला झुलणं बंद. डोळ्याने ती नेमकी जागा पकडणं अवघड आहे, पण माझ्याकडे ते पॉट १२५ ओहमच्या आसपास असतानाच थांबलं.

काका पलीकडच्या टेबलावर होते. मी हाक मारली नाही. जनरेटरच्या आउटपुटशी वाकून बघितलं, तिथे ५० ओहम छापलेलं होतं. मग कॉइल सोडवली आणि पिवळ्या मीटरवर मोजली. २६ ओहम.