कापडी शटरचा पडदा बदलायला शिकताना

जुन्या फिल्म कॅमेऱ्यात शटरचा फाटका पडदा दिसला की शिकाऊ हात आधी तो उचकटतो, आणि काम तिथेच बिघडतं. नवा पडदा किती लांब हवा, ड्रमवर (पडदा गुंडाळणाऱ्या नळीवर) कुठे चिकटवायचा, पडदा ओढणारी फीत कुठून वळवायची याचा नकाशा म्हणजे तो भेगाळलेला जुना पडदाच. मापं उतरवून होईपर्यंत त्याला जपा.

इथे बोलतोय ते आडव्या धावणाऱ्या, रबर चढवलेल्या कापडी पडद्यांविषयी. झोर्की, फेड, झेनिट, पेंटॅक्स के-१००० ही त्यातली नेहमीची नावं. सुरुवात झेनिट किंवा फेडच्या मेलेल्या बॉडीवर करा, गिऱ्हाइकाच्या के-१००० वर नको. जपानी कॅमेऱ्याच्या फुली स्क्रूला जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचाच स्क्रूड्रायव्हर लागतो. साधा फिलिप्स घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो.

आत दोन पडदे असतात. पहिला फिल्मपुढची खिडकी उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. पहिल्याचं कापड स्प्रिंगच्या रोलरला आणि फिती मुख्य ड्रमच्या बाजूला. दुसऱ्याचं नेमकं उलटं, कापड ड्रमला आणि फिती स्प्रिंगच्या रोलरला. कापड आणि फीत जिथे जुळतात तिथे धातूची बारीक पट्टी असते. दोन पट्ट्यांमधली फट फिल्मवरून सरकते, तेच एक्स्पोजर. के-१००० मध्ये १/६० सेकंदाच्या वेगाला खिडकी पूर्ण उघडते. म्हणजे ३६ मिमीचं अंतर १/६० सेकंदाच्या आत कापलं जातं, आणि १/१००० ला फट जेमतेम दोनेक मिलिमीटरची उरते. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने काय होईल ते यावरून ओळखा.

खोलण्याआधी दोष पडदानिहाय शोधा. लेन्स काढा, पाठ उघडा, अंधाऱ्या खोलीत पुढून एलईडी टॉर्च धरा आणि मागून बघा. शटर भरलेलं (खटका दाबायला तयार) असताना खिडकीवर पहिला पडदा असतो, सोडल्यावर दुसरा. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, आरसा आड येतो, तो बोटाने अलगद वर धरावा लागतो. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला, की फोटोत तोच पांढरा ठिपका. अशी दोन-चार छिद्रं असतील आणि कापड अजून मऊ असेल तर पडदा बदलू नका. काळा फॅब्रिक पेंट अगदी पातळ लावून भागतं, जाड थर मात्र रोलरवर गुंडाळताना तडकतो. एकच गोल, कडा जळालेलं छिद्र दिसलं तर समजा उन्हाने भाजलंय. झोर्की-फेडला आरसा नाही, त्यामुळे उघडी लेन्स सूर्याकडे राहिली की भिंगाचा खेळ होतो. कापड कडक होऊन घडीवर भेगा पडल्या असतील, तर मात्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

स्प्रिंगचा ताण सोडताना रोलर हाताने धरा आणि फेरे मोजून वहीत लिहा. खुंटी एकदम सोडली की स्प्रिंग गरगरा उलगडते आणि हिशेब गेला. मग ड्रमवर जुन्या पडद्याच्या कडेने सुईने बारीक रेघ ओढा, रबरी बाजू कुठल्या दिशेला आहे ते टिपा, फोटो काढा. आता जुना गोंद लायटरच्या फ्लुइडने ओला करून सावकाश सोडवा.

कापडात सगळे फसतात. छत्रीचं कापड उजेड अडवत नाही. ब्लॅकआउट पडद्याचं किंवा रेनकोटचं जाड असतं. जाडीमुळे गुंडाळीचा व्यास वाढतो आणि पडदा घासत धावतो. जुन्या पडद्याची जाडी मायक्रोमीटरने मोजा आणि तेवढ्याच जाडीचं शटरचं कापड मागवा. बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर-फिटरचं काम केलेल्या पोरांना हे अर्धं येतंच, फक्त मायक्रोमीटर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. कापताना नवं ब्लेड, स्टीलची पट्टी आणि धाग्याच्या रेषेत सरळ काप. शहापूर-वडगावच्या विणकर घरातल्याला ताणा-बाणा समजावायला नको. तिरपं कापलेलं कापड ओढ बसली की वेडंवाकडं होतं आणि पट्टी तिरकी उभी राहते. दोन्ही फितींची लांबी सारखी नसेल तरीही तेच, फोटो वरून खाली गडद-फिकट येतो.

गोंद रबरी, दोन्ही बाजूंना लावून सुकवून दाबायचा, फेव्हिकॉल एसआरच्या जातीचा. झटपट चिकटणारा गोंद नको. तो कापडात झिरपतो आणि काडीसारखा कडक होतो. बेळगाव-खानापूरच्या पावसात आणखी एक अडचण. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि जोड कच्चा राहतो. जून ते सप्टेंबर हे काम बंद खोलीत, साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या उबेत करा आणि चिकटवल्यावर एक पूर्ण दिवस हात लावू नका. आधी पट्टी आणि फिती, आलेख-कागदावर काटकोन तपासून. ड्रमची कड सगळ्यात शेवटी. शटर भरताना दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या हव्यात. मध्ये फट राहिली तर फिल्म तेव्हाच धुरकटते.

आता ताण. खरी विद्या इथे. सगळ्या वेगांवर पडदे टोकापर्यंत जातील एवढाच कमीत कमी ताण द्या, मग पाव-पाव फेऱ्याने वाढवा. जुनं तेल गोठलंय म्हणून धाव मंद असेल, तर ताण वाढवणं म्हणजे आजारी बैलाला चाबूक. आधी बेअरिंगं धुवा. मोबाइलचा सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन १/३० पर्यंत कामाचा. वरच्या वेगांना फोटोडायोड (उजेड टिपणारा छोटा भाग) संगणकाच्या साउंड कार्डला जोडा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सॅम्पलिंगला एक मिलिसेकंद म्हणजे ४४ नमुने, एवढं पुरतं. खिडकीच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी वेळ मोजा. दोन्ही पडदे धावता धावता वेग घेतात म्हणून फट रुंदावत जाणारच. तिच्या रुंदीला फसू नका, वेळ बघा. शेवटाकडे वेळ कमी होत असेल तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय, पहिल्याचा ताण किंचित वाढवा किंवा दुसऱ्याचा उतरवा. वाढत असेल तर उलट. १/१००० च्या जागी १/७०० मिळालं तर फरक अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), निगेटिव्ह फिल्मला तो खपतो.

निव्वळ या कामावर घर चालेल असं समजू नका, घड्याळं किंवा लेन्सची बुरशी काढणं जोडीला ठेवा. कॅमेरा घेताना गिऱ्हाइकासमोरच बॉडी आणि लेन्सचे नंबर, काय चालतं, काय नाही हे पावतीवर लिहा, कन्नड वाचणारं गिऱ्हाईक असेल तर कन्नडमध्येही. परत देण्याआधी एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक वेगाला दोन फ्रेम, जुळतं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) ठेवून. ती निगेटिव्ह पावतीलाच जोडा. आणि झोर्की-फेड असेल तर वेगाची चकती शटर भरल्यानंतरच फिरवायची, हे तोंडी सांगून भागत नाही, तेही लिहून द्या.