‘अ टच ऑफ झेन’ घरी नीट कसा पाहावा

दिग्दर्शक किंग हू यांच्या तलवारबाजीच्या या तैवानी चित्रपटाचं मूळ नाव ‘शिया न्यू’. तैवानमध्ये तो 1970-71 मध्ये दोन भागांत आला आणि 1975 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला तांत्रिक पुरस्कार मिळाला. संपूर्ण प्रत तीन तासांची आहे. लांबी आधी तपासा, कारण कापलेल्या आवृत्त्याही फिरतात. 4के पुनरुज्जीवित प्रत मिळाली तर तीच घ्या. जुन्या प्रतींमध्ये रात्रीचे प्रसंग म्हणजे नुसता काळोख.

टीव्हीवर ‘झूम’ लावू नका. चौकट 2.35:1 आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या 2.35 पट, त्यामुळे 55 इंची पडद्यावर वर-खाली साधारण आठ-आठ सेंटीमीटर काळी पट्टी राहणारच. ती घालवायला गेलात तर कडेला उभा असलेला तलवारबाज कापला जातो, आणि किंग हू हल्ला बरेचदा कडेवरूनच आणतात. ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, नाहीतर टीव्हीने मध्ये भरलेल्या खोट्या फ्रेम उडीची धार घालवतात. आवाजाचा ‘नाइट मोड’ही बंद ठेवा; मारामारीत पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीतनाट्याच्या, ढंगाचा ताल वाजतो, तो दबला की अर्धी मजा जाते. खोलीतले दिवे मालवा.

पहिला तासभर जवळजवळ तलवार निघत नाही. बरेच जण इथेच कंटाळून उठतात. हा वेळ पडक्या किल्ल्याची वाट, दारं, कोपरे लक्षात ठेवण्यात घालवा, पुढचा सापळा तिथेच रचला जातो. शिवाय चित्रकार कू आणि ‘लग्न कर, परीक्षेला बस’ म्हणून मागे लागलेली त्याची आई आहेच. ती आई आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात खपून जाईल. चीनच्या मिंग राजवटीतल्या खोजांची (दरबारातल्या नपुंसक सेवकांची) गुप्त यंत्रणा नायिका यांग हुइ-झनच्या मागे का लागली आहे, एवढा धागा मात्र सोडू नका.

बांबूच्या बनातली झुंज दोनदा पाहा. आधी सलग, मग पाव वेगाने. यांग बांबूवरून खाली झेपावते तो क्षण थांबवत थांबवत बघितला, तर चढणं, सूर मारणं आणि वार हे वेगवेगळ्या शॉटमध्ये तोडलेले दिसतील. काही शॉट मोजक्या फ्रेमचे आहेत. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 8 फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. उडीला चौकटीबाहेरची ट्रॅम्पोलिन (उसळी देणारी ताणलेली जाळी) मदत करते, उरलेलं उड्डाण आपला डोळाच जोडून घेतो. हान यिंग-चिए या ऑपेरात घडलेल्या नटाने या झुंजी बसवल्या, म्हणून वारानंतर क्षणभराचा थांबा येतो. पहिल्याच फेरीला वेग कमी केलात तर हा ताल मोडतो आणि झुंज पोरखेळ वाटते.

मध्यंतर हवंच असेल तर ते बनातल्या झुंजीनंतर घ्या. मुळात पहिला भाग तिथेच संपत होता.