डिसॅबिलिटी पेन्शन मागण्याआधी कागद मागा

डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे नोकरीत जडलेल्या आजाराबद्दल किंवा दुखापतीबद्दलची पेन्शन, नामंजूर झाली की आपला माजी सैनिक पहिला अर्ज लिहितो तो "मला पेन्शन का दिली नाही?" असा. त्याला ठरलेलं उत्तर येतं : नियमात बसत नाही. मी तोफखान्यात क्लार्क होतो, असली उत्तरं टाइप करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणून सांगतो, भांडण नंतर. आधी कागद मागा.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे नोकरी सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीची प्रत, फॉर्म एएफएमएसएफ-१६. घरच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) सापडतात, हा फॉर्म बहुतेकांकडे नसतो. मिळाला की घाई न करता वाचा. सुरुवातीला नोकरीचा तक्ता असतो : कधीपासून कधीपर्यंत, कुठे, आणि पुढे 'पी' की 'एफ', म्हणजे पीस (शांत ठिकाण) की फील्ड (सीमेकडचा भाग). आत आजार कधी आणि कुठे सुरू झाला त्याची नोंद. मग तो रकाना, ज्यावर सगळी केस उभी असते : आजार नोकरीमुळे झाला का, नोकरीमुळे वाढला का? दोन्हीकडे 'नो' असेल तर तुमची केस 'नाना' (नायदर अॅट्रिब्यूटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड) झाली. शेजारी कारण लिहिलेलं असतं, बऱ्याचदा एकाच ओळीत. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा. पुढचे सगळे कागद ती ओळ खोडायला शोधायचे आहेत.

आमच्या तालुक्यातल्या नायक हुद्द्याच्या एका माजी सैनिकाचं उदाहरण घ्या. आजार ब्लड प्रेशरचा, कारण लिहिलेलं 'पीस स्टेशनला सुरू'. त्याने ज्या मिलिटरी हॉस्पिटलात तो आधी दाखल होता तिथली केस शीट (उपचारांच्या नोंदीचा कागद) मागवली. तिच्यात बीपी वाढल्याची पहिली नोंद निघाली ती फील्डमधल्या पोस्टिंगच्या काळातली. फॉर्ममधला तक्ता आणि केस शीटमधली तारीख शेजारी शेजारी ठेवली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुसरं टोक म्हणजे भरतीच्या वेळची मेडिकल तपासणी. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असं धरायचं, आणि नंतरचा आजार नोकरीशी संबंधित नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारवर. वकील लोक हाच निकाल पुढे करतात, पण भरतीच्या फॉर्मची प्रत हातात असेल तर तो जास्त जोरात चालतो. एक लक्षात ठेवा : २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे या पेन्शनची पात्रता ठरवणारे नियम, आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी जुन्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये.

दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६), कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असल्यास तिची कागदपत्रं आणि त्या महिन्यांच्या पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदींचे युनिटचे आदेश) मागा. सुट्टीवर गावी मोटारसायकलवरून पडला असाल तर ड्यूटीशी संबंध दाखवावा लागतो. तो नसेल तर नुसत्या कागदांनी काम होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मागायचं कुठे? आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बीईजीचं (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. आधी साधा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार : १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांची मुदत, नाही तर पहिलं अपील. अर्जात 'का' हा शब्द येऊ देऊ नका. "आर्मी नंबर अमुक, रँक, नाव. माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची साक्षांकित प्रत द्यावी", एवढंच. प्रत्येक कागद वेगळ्या ओळीत. नंबराच्या शेवटचं इंग्रजी अक्षर विसरू नका, त्यावाचून फाइल शोधताना अडतं. हॉस्पिटलची केस शीट मात्र त्या हॉस्पिटलकडेच मागा, दाखल झाल्याची तारीख देऊन.

"कागद नष्ट केले" असं उत्तर आलं तरी हात टेकू नका. पेन्शन नसलेल्यांचे सर्व्हिस डॉक्युमेंट्स २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहेच, पण लाँग रोल, म्हणजे जवानांच्या मूळ नोंदींचं रजिस्टर, राहतो. त्याचा उतारा मागा आणि नष्ट केल्याचा दाखलाही मागा. पूर्वी क्लेम मंजुरीसाठी प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनकडे (संरक्षण खात्याचं पेन्शन कार्यालय) गेला असेल तर बोर्डाची प्रत तिथल्या फायलीत असू शकते. तिकडेही एक अर्ज टाका.

मुदतीचं गणित : पेन्शन नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत त्याविरुद्ध पहिलं अपील. मुदत टळली तरी सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. उशीर केला तर थकबाकी मात्र साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळते. डिसॅबिलिटीची टक्केवारी किमान २० हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालानंतर (२०१४) ५० टक्क्यांच्या आतली डिसॅबिलिटी ५० धरली जाते, त्यामुळे ती मागणी अपिलाच्या अर्जातच घाला.

जवान हयात नसेल तर पत्नीने अर्ज करायचा, पीपीओची प्रत आणि मृत्यूचा दाखला जोडून. आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर : रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते रेकॉर्ड ऑफिसकडून आधी दुरुस्त करून घ्या.