तळ्याच्या गाळातून बेटावरचं जुनं जंगल कसं वाचायचं

उन्हाळा लागला की आमच्या बेळगाव भागात तळ्यातला गाळ काढायला जेसीबी येतो आणि ट्रॅक्टरची रांग लागते, सगळ्यांना तो काळा गाळ शेतात पाहिजे असतोय. त्याच गाळात आजूबाजूला पूर्वी कुठली झाडं होती त्याचा हिशोब पडून असतोय, परागकणांच्या रूपात. मॉरिशस, गॅलापागोस असल्या बेटांवर शास्त्रज्ञांनी हाच हिशोब काढलाय. तो वाचायचा कसा ते सांगतो, मी काय प्राध्यापक नाही, शाळेतला जुना मायक्रोस्कोप मिळाला तेव्हापासून नाद लागलाय एवढंच.

पहिली गोष्ट, तळं कधी आटतंय का बघा. परागकणाच्या बाहेरच्या कवचात स्पोरोपोलेनिन नावाचा पदार्थ असतोय, लई चिवट, पाण्याखाली हवा न लागता राहिला तर हजारो वर्षं टिकतोय. पण गाळ वाळला आणि हवा लागली की कामातनं गेला. म्हणजे दर मे महिन्यात ज्या तळ्यात पोरं क्रिकेट खेळतात ते तळं यासाठी बाद. गॅलापागोसमधलं एल हुंको तळंसुद्धा हिमयुगात कोरडं होतं, तिथली सलग नोंद मिळते ती नंतर पाणी भरल्यापासूनची. पण तळं कोरडं होतं हीच एक माहिती झाली की, तेव्हा तिथं पाऊस कमी होता.

दुसरं, डोळा बसवा. दारातल्या जास्वंदीचा पराग काचेवर झटका, पाण्याचा एक थेंब, वर काच, झालं. हा एवढा मोठा गोळा दिसतोय आणि अंगभर काटे. मग मक्याचा तुरा, मग बांधावरचं गवत. गवताचा कण गोल गुळगुळीत आणि त्याला एकच भोक, मक्याचा तसाच पण आकारानं बराच मोठा. ही ओळख पक्की झाल्याशिवाय गाळाकडं जाऊ नका, नाहीतर प्रत्येक बुडबुडा पराग वाटतोय. आणि लॅबमध्ये गाळातली वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात ते घरी अजिबात नको, कातडीतनं हाडापर्यंत जातंय ते.

गाळ घ्यायचा तर जेसीबीनं उपसलेला नको, त्यात वरचं खाली झालेलं असतंय. काठाच्या मऊ गाळात पीव्हीसी पाइप सरळ दाबायचा, वरचं तोंड घट्ट बंद करून हळू ओढायचा, आणि लगेच मार्करनं ‘वर’ लिहायचं. मी लिहिलं नव्हतं. घरी आल्यावर दोन्ही टोकं सारखीच काळी, सगळा खटाटोप शेवटी आईच्या तुळशीच्या कुंडीत गेला.

आता आलेख, गाळाच्या कुठल्या थरात कुठला पराग किती ते शास्त्रज्ञ ज्यावर मांडतात तो. तो खालून वर वाचायचा, खाली जुनं, वर नवं. वय काढतात रेडिओकार्बननं, कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो त्यावरून, साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालतंय. प्रत्येक झाडाची एक रेघ असते आणि आकडे टक्क्यात असतात, इथंच माणूस फसतोय. गवत वाऱ्यावर ढिगानं पराग सोडतंय, किड्यांवर अवलंबून असलेलं झाड मोजकाच. त्यामुळं झाडाचा पराग १० टक्के म्हणजे जंगल १० टक्के असं नसतंय. शिवाय एकाचा टक्का उतरला की बाकीचे आपोआप चढतात, ती झाडं वाढलीच असं नाही.

पराग झाला की काळे कण बघा, कोळशाचे. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तेव्हा मोठमोठी काजळी शेजारच्या गच्चीवर पडतीय आणि बारीक कण पार लांब जातंय, तसंच हे. मोठे तुकडे म्हणजे आग जवळच लागली होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस कधी आला तिथं आलेखावर पेन्सिलनं आडवी रेघ मारा. बेटांचा फायदा हाच, आपल्या सह्याद्रीत अशी रेघ मारताच येत नाही कारण माणूस इथं कधीपासनं आहे कुणास ठाऊक. मॉरिशसवर डच उतरले १५९८ ला, वस्ती केली १६३८ ला. त्याच्याखाली जे काय बदललं ते हवामानानं किंवा निसर्गातल्याच कशानं, माणसाच्या नावावर घालता येत नाही.

तिथल्या कनाका क्रेटरमधनं, म्हणजे ज्वालामुखीच्या जुन्या खड्ड्यातनं, १० मीटर लांब गाळ काढलाय, सुमारे ३८,००० वर्षांचा. २२,७०० वर्षांपूर्वीपर्यंत ओलं, मग १०,६०० पर्यंत कोरडं, परत ओलं. तरी जंगल गेलं नाही, जंगलातली झाडं बदलली. आपल्याकडं हवा बदलली तर झाड चोर्ला घाटानं वर खाली सरकेल, जांबोटीकडं पसरेल, पण मॉरिशसचं सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर, आपलं बेळगाव गावच साधारण ७५० वर आहे, सरकणार कुठं? मग आहे त्याच डोंगरावर काही जाती वाढल्या, काही घटल्या. दलदलीत लव्हाळ्याच्या जातीचं गवत आणि केवड्याची भावकी, हे वाचून मला तर कोकणच आठवलं.

त्या आडव्या रेघेच्या वर, म्हणजे माणूस आल्यानंतर जे बदललं त्याबद्दल मात्र घाई करू नका. रापा नुई म्हणजे ईस्टर बेट, त्याचं उदाहरण चांगलं आहे. गाळात खाली ताडाच्या जातीचा पराग भरपूर, साधारण १२०० च्या सुमारास माणसं आली आणि पुढं तो संपत गेला. कुऱ्हाड, आग, आणि माणसांबरोबर आलेले उंदीर, त्यांनी कुरतडलेल्या बिया सापडल्यात. पण रानो राराकू तळ्याच्या गाळात मधली बरीच वर्षं गायबच आहेत, वहीचं पान फाटल्यासारखी. ती आधी शोधायची, नाहीतर हळूहळू झालेला बदल एका रात्रीत झाल्यासारखा दिसतोय.

आणि हो, जास्वंदीची ती स्लाइड जपून ठेवा. गॅलापागोसवर जास्वंदीच्याच कुळातली एक जात बाहेरनं आलेली असणार असं समजत होते, २००८ मध्ये जुन्या गाळात तिचे काटेरी गोळे दाखवले, माणूस यायच्या कितीतरी आधीचे.