खोड की मूळ? सेक्शन घेताना या चुका टाळा

प्रॅक्टिकलला ‘सर, काहीच दिसत नाही’ अशी हाक आली की मी सूक्ष्मदर्शकात डोकावत नाही, आधी वॉचग्लास बघतो. त्या काचेच्या बशीत सूर्यफुलाच्या खोडाचे सेक्शन, म्हणजे आडवे काप, तरंगत असतात, कोशिंबिरीला चालतील इतके जाड. पेशींचे थर एकावर एक चढले की भिंगाखाली नुसता काळपट डाग दिसणार. ब्लेड नवं घ्या, खोड ओलं ठेवा आणि करवतीसारखं न घासता एकाच ओढीत ब्लेड स्वतःकडे आणा. वीसेक सेक्शन काढून सगळ्यांत पातळ तो निवडा. पूर्ण गोलच हवा हा हट्ट कशाला? पाचरीएवढा पातळ तुकडा जाड गोलापेक्षा केव्हाही बरा. हात तिरका गेला तर जलवाहिन्यांची तोंडं लांबट दिसतात, तो सेक्शन सरळ टाकून द्या.

सॅफ्रनिन या लाल रंगात सेक्शन विसरला की सगळंच लाल. पाण्यात नीट धुतला की लिग्निन (पेशीभित्ती कडक करणारा पदार्थ) असलेल्या भिंतीच लाल उरतात. हा लाल रंग फार कामाचा आहे. सूर्यफुलाच्या खोडात अपित्वचेखाली, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या थराखाली, स्थूलकोन ऊती असते. तिचे कोपरे जाड असतात ते सेल्युलोज आणि पेक्टिनमुळे, म्हणून ती जलवाहिन्यांसारखी लाल होत नाही. मक्यात त्याच जागी दृढ ऊती असते, लालभडक. जर्नलमध्ये मात्र दोन्हीकडे एकच नाव असतं, कारण आकृती आधीच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवलेली!

‘बंडल (जलवाहिनी-रसवाहिनीचे जुडगे) वर्तुळात, म्हणजे द्विबीजपत्री’ हे पाठ केलेलं वाक्य खोडापुरतं ठीक. मुळाला तेच लावलं की घोटाळा. मका एकबीजपत्री, पण त्याच्या मुळातही जलवाहिनीचे गट वर्तुळातच असतात, फक्त सहापेक्षा जास्त, आणि मधला गाभा मोठा. हरभऱ्याच्या मुळात ते साधारण चार. (मूळ कोवळंच घ्या. जून मुळात दुय्यम वाढीने, म्हणजे जाडी वाढल्याने, ही मांडणी झाकून जाते.) खोड की मूळ हे ठरवायचं तर लहान तोंडाच्या जलवाहिन्या शोधा. त्या खोडात केंद्राकडे असतात, मुळात बाहेरच्या बाजूला. शिवाय खोडात रसवाहिनी आणि जलवाहिनी एकाच त्रिज्येवर असतात, मुळात आलटून पालटून.

भोपळ्याचं खोड समोर असलं तर सवयीने सूर्यफुलाची आकृती काढू नका. त्याच्या बंडलमध्ये रसवाहिनी आत आणि बाहेर, दोन्हीकडे असते.

काळ्या जाड कडेचा, अगदी गुळगुळीत गोल म्हणजे हवेचा बुडबुडा. त्याला बाण काढून ‘जलवाहिनी’ लिहिणारे दरवर्षी भेटतात. कव्हरस्लिप (सेक्शनवर ठेवायची पातळ काच) सुईवर तिरकी टेकवून हळूहळू सोडा. मक्याच्या बंडलमध्ये केंद्राच्या बाजूला जी पोकळी दिसते, ती मात्र तुमच्या ब्लेडने पाडलेली नाही. तिथल्या पेशी खोड वाढताना फाटून गेलेल्या असतात. आकृतीत ती हवीच.