एसक्यूएलअल्केमी २.० वर जाताना कमिट सांभाळा

आमच्या तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक), दहा दिवसांचं बिल, सगळं पायथन आणि एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेसशी काम करणारी लायब्ररी) यांवर चालतं. २.० आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. मी १.४ वरून थेट तिच्यावर उडी मारली आणि एका संध्याकाळच्या नोंदी गेल्या. स्क्रीनवर 'नोंद झाली' असं दिसत होतं, एररही आली नाही, पण टेबल रिकामं. शेतकऱ्यांना दिलेल्या पावत्यांच्या स्थळप्रतींवरून सगळं पुन्हा भरावं लागलं.

झालं असं, की १.४ मध्ये कनेक्शन उघडून इन्सर्ट (ओळ भरण्याची आज्ञा) चालवलं की लायब्ररी आपणहून कमिट करायची, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का करायची. २.० मध्ये ती सोय काढून टाकली आहे. कमिट न करता कनेक्शन बंद झालं, की केलेलं सगळं गुपचूप रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेतलं जातं. म्हणून जिथे जिथे लिहिण्याचं काम आहे तिथे 'इंजिन डॉट कनेक्ट'ऐवजी 'इंजिन डॉट बिगिन'चा विथ-ब्लॉक वापरा. ब्लॉक नीट संपला तर कमिट, मध्येच एरर आली तर रोलबॅक. बिलाच्या कामात मला हेच हवं असतं. अर्धवट बिल कुणाच्याच उपयोगाचं नाही.

हे सगळं आधीच कळण्याची सोय १.४ मध्येच आहे. १.४ ची शेवटची आवृत्ती टाका, 'एसक्यूएलअल्केमी_वॉर्न_२०' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा आणि टेस्ट चालवा. आपोआप होणाऱ्या प्रत्येक कमिटवर इशारा येतो. इशारे संपेपर्यंत २.० ला हात लावू नका.

डेटा वाचण्याची जुनी पद्धत, 'सेशन डॉट क्वेरी', २.० मध्येही चालते, त्यामुळे ती बदलायची घाई नको. मी नवीन कोड तेवढा 'सिलेक्ट' आणि 'सेशन डॉट स्केलर्स'ने लिहिते. 'जॉइन्डलोड'ने सभासदासोबत त्याच्या सगळ्या नोंदी आणत असाल, तर निकालावर 'युनिक' लावा, नाहीतर एरर येते.

मॉडेल (टेबलाचं पायथनमधलं वर्णन) लिहिताना 'मॅप्ड' आणि 'मॅप्ड_कॉलम' मात्र जरूर घ्या. फॅटला डेसिमल टाइप दिला की एडिटरलाही तो कळतो. एक जपा: 'ऑप्शनल' लिहिलं नाही तर कॉलम नॉट-नल, म्हणजे रिकामा न चालणारा, धरला जातो. आमच्याकडे बऱ्याच सभासदांचा मोबाइल नंबर नाही, तिथे 'ऑप्शनल' लागलंच. आधीपासून असलेलं टेबल यामुळे बदलत नाही. नव्याने तयार होणाऱ्या टेबलाला मात्र हा नियम लागतो.

वेगाचा फायदा खरा आहे. सेशनमधून एकदम भरलेल्या ओळी आता गठ्ठ्याने जातात, साधारणपणे एका गठ्ठ्यात १,००० पर्यंत, आणि त्यांचे आयडीही परत मिळतात. एसक्यूलाइट वापरत असाल तर ती ३.३५ किंवा त्यापुढची हवी.

बदल केल्यावर दोन वेळचं संकलन चाचणीच्या डेटाबेसमध्ये भरा, प्रोग्राम बंद करा, पुन्हा उघडा आणि ओळी मोजा.